स्पेसरवाल्या गाडीचे नट पुन्हा पुन्हा सैल होतात? आवळणं थांबवा, चाक उतरवा

हब (चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग) आणि रिम यांच्यामध्ये घालायचे धातूचे स्पेसर टाकलेत, चाक मडगार्डच्या बरोबरीनं बाहेर आलंय, गाडी रुंद दिसते, सगळं झकास. फक्त दर आठ-पंधरा दिवसांनी पाना लावला की एकदोन नट पाव फेरा फिरतात. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलं की हमखास. टायरवाला सांगतो, "स्पेसर हाय म्हटल्यावर आवळत राहायचंच की." बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात ही तक्रार इतकी नेहमीची झालीय की लोकांनी ती स्पेसरच्या किमतीतच धरून टाकलीय.

तशी धरू नका. नीट बसलेल्या चाकाचा नट पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर एकदा तपासून आवळला की पुढं जागचा हलत नाही, स्पेसर असो वा नसो. त्यानंतरही सैल सापडतोय म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये काहीतरी बसलेलं नाही. बाहेरून कितीही पाना लावला तरी ते बसणार नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीनवर काम करतो. स्पेसर आमच्याकडं "जरा फेस मारून द्या" (तोंड सपाट करून द्या) म्हणून येतात, तेव्हा खाली लिहिलंय ते बरंचसं लेथच्या बाजूनं बघितलेलं आहे. कुठल्या स्पेसरनं गाडी जास्त देखणी दिसते यात मी पडत नाही.

आधी गाडी थांबवायची का ते ठरवा

सावकाश चालवताना चाकातून टकटक आवाज येत असेल, ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर तो बदलत असेल, किंवा कालपर्यंत ठीक असलेलं स्टिअरिंग आज थरथरायला लागलं असेल, तर गाडी आहे तिथंच उभी करा. "गावापर्यंत हळूहळू नेतो" हे इथं चालत नाही. सैल चाकात प्रत्येक फेऱ्याला स्टड (नट बसतो तो हबवरचा आट्यांचा दांडा) वाकतो आणि सरळ होतो. असं होत होत एक तुटतो, त्याचा भार बाकीच्यांवर पडतो, आणि चार स्टडच्या गाडीत बाकीचे म्हणजे तीनच. तेही आधीच थकलेले असतात.

आवाज नसेल तर नटाच्या आजूबाजूला बघा. सैल नट खाली घासत राहतो आणि गंजाची बारीक पूड बाहेर पडते. ती चाकाच्या फिरण्यानं नटापासून रिमच्या कडेकडं रेघेसारखी ओढली जाते. खानापूर-जांबोटीकडच्या गाड्यांत हे ओळखणं जरा फसवं आहे, कारण पावसाळ्यात सगळं चाकच तांबडं असतं. तिथली लाल माती सगळीकडं सारखी उडालेली असते आणि पाण्याचा फवारा मारला की जाते. गंजाची रेघ मात्र नटाच्या बुडातूनच सुरू होते, धुतली तरी तिचा डाग राहतो, आणि चार-पाच नटांपैकी एखाद्यालाच असते. मॅगव्हील (ॲल्युमिनियमची रिम) असेल तर तांबड्याऐवजी काळपट राखाडी रेघ दिसते. ती घासलेल्या ॲल्युमिनियमची पूड.

नट धरतो म्हणजे काय

चाक स्टडवर लटकलेलं असतं असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. नट आवळला की स्टड ताणला जातो, कडक स्प्रिंगसारखा, आणि तो ताण रिमला हबच्या तोंडावर दाबून धरतो. गाडीचा भार पेलते ती या दोन तोंडांमधली पकड. १२ मिलिमीटरचा स्टड कोरड्या आट्यांवर १०० न्यूटन-मीटर टॉर्कनं (पिळण्याच्या जोरानं) आवळला की एकेका नटाखाली ढोबळमानानं ४ टनांचा दाब येतो. आणि एवढ्या दाबासाठी स्टड लांबतो किती? मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावं एवढाच, साधारण पाच भाग.

सगळी गोम या पाच भागांत आहे. स्पेसरवरच्या पावडर कोटिंगचा एक थर मिलिमीटरचे सहा ते दहा शतांश भरतो. तो रंग चार टनांखाली चिरडून बाहेर सरकला तर स्टडचा सगळा ताण संपतो, नट एक अंशही न फिरता. लोकांना वाटतं नट उलटा फिरला. कित्येकदा तो जागचा हललेला नसतो, त्याच्या खालचा माल बसलेला असतो.

म्हणून पहिली चाचणी साधी ठेवा. नट योग्य जोरानं आवळा आणि पांढऱ्या ऑइल पेंटनं नटावरून रिमवर एक सलग रेघ ओढा. शे-दोनशे किलोमीटर चालवा, त्यातही रोज रेघ बघत राहा. रेघ तुटली, म्हणजे नटाकडचा तुकडा सरकला, तर नट खरोखर फिरतोय: चाक हबवर आडवं सरकतंय किंवा नटाची बैठक चुकीची आहे. रेघ जिथल्या तिथं आहे, पण टॉर्क पाना (ठरवलेला जोर आला की 'कट्' वाजणारा) लावल्यावर नट पुढं फिरतो, तर मधलं काहीतरी दबतंय: रंग, गंज, चिखल, नरम ॲल्युमिनियम, किंवा स्टडच लांबलाय. दोन्हींचा शोध वेगळ्या ठिकाणी घ्यायचा असतो, आणि ही रेघ न ओढल्यानं लोक महिनोन्‌महिने नुसते नट बदलत बसतात.

कुठलं चाक सैल होतंय तेही लिहून ठेवा. चारही होत असतील तर बसवण्याची पद्धत किंवा नटांचा प्रकार चुकला. एकच चाक होत असेल तर त्याच हबवर काहीतरी आहे. मागची दोनच होत असतील तर ब्रेक ड्रमचं तोंड बघा. डावीकडचीच होत असतील तर त्यामागंही कारण आहे: गाडी पुढं जाताना डावं चाक ज्या दिशेनं फिरतं, त्यात सरकणाऱ्या चाकावरचा सरळ आट्यांचा नट उलगडायला मदत होते. जुन्या ट्रकांना डावीकडं उलटे आटे असायचे ते याचसाठी. पण चाक सरकत असेल तरच हे घडतं, हे विसरू नका.

नुसती चकती असलेला स्पेसर

३, ५, १० मिलिमीटरची चकती स्टडवर सरकवून वरून रिम, अशी रचना असेल तर पहिला संशय आट्यांवर. रिम जेवढी बाहेर आली तेवढे नटाला धरायचे आटे कमी झाले. किमान जेवढा स्टडचा व्यास तेवढी लांबी नटात गेली पाहिजे, म्हणजे १२ मिलिमीटरच्या स्टडला १२ मिलिमीटर. हे व्हर्नियरशिवायही मोजता येतं. चाक जॅकवर घ्या, नट हातानं लावा आणि आटे पकडल्यापासून नट रिमला टेकेपर्यंतचे फेरे मोजा. मारुतीच्या गाड्यांना १.२५ चा (दर फेऱ्याला १.२५ मिलिमीटर पुढं जाणारा) आटा असतो, तिथं साडेनऊ फेरे व्हायला हवेत. ह्युंदाई, होंडा आणि टोयोटाच्या बहुतेक गाड्यांत १.५ चा, तिथं आठ. ५ मिलिमीटरची चकती टाकली की स्विफ्टचे सरळ चार फेरे जातात. सहा फेऱ्यांवर नट टेकत असेल तर ती गाडी चालवायची नाही. टॉर्क पाना तिथंही 'कट्' वाजवून दाखवेल, त्यावर जाऊ नका. पान्याला आटे किती धरलेत ते कळत नाही.

उपाय एकच, लांब स्टड. जुना स्टड हबमधून मागं दाबून काढतात आणि नवा बसवतात. त्याच्या मानेवरच्या दातऱ्यांचा व्यास जुन्याशी तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर आवळताना स्टडच भोकात गरगर फिरतो. पोलो, रॅपिडसारख्या गाड्यांत स्टडऐवजी १४ मिलिमीटरचे बोल्ट असतात. तिथं स्पेसर जेवढा जाड, मूळ बोल्टपेक्षा तेवढाच लांब बोल्ट घ्यायचा, जास्त नाही; जास्त लांब बोल्ट आत ब्रेकच्या भागांवर घासू शकतो.

याउलट एक गंमत होते. लांब स्टड टाकले, आणि नट मात्र डोक्यावर टोपी असलेले, देखणे, क्रोमचे. स्टडचं टोक आत टोपीला जाऊन टेकतं, पाना कडक लागतो, टॉर्क बरोबर दाखवतो, आणि रिमवर दाब शून्य. असा संशय आला तर नट उघड्या स्टडवर हातानं तळापर्यंत फिरवून बघा: रिमला टेकायच्या जागेच्या बऱ्याच पुढं गेला पाहिजे.

स्वतःचे स्टड असलेला स्पेसर

२० मिलिमीटरच्या पुढचे बहुतेक स्पेसर असे असतात. स्पेसर गाडीच्या मूळ स्टडवर त्याच्या वेगळ्या बुटक्या नटांनी बसतो आणि रिम स्पेसरच्या स्टडवर. म्हणजे नटांचे दोन संच, त्यातला आतला चाकाच्या मागं लपलेला. "दर आठवड्याला आवळतोय" म्हणणारा माणूस बाहेरचेच आवळत असतो. आतले बघायला चाक काढावंच लागतं आणि ते कुणी काढत नाही.

पण इथं सगळ्यात जास्त गाड्या ज्या कारणानं येतात ते वेगळंच आहे. खानापूरकडचा एक पोरगा २० मिलिमीटरचे स्पेसर घेऊन आला होता. त्याचं म्हणणं ठाम होतं.

"काका, थोडं पातळ करून द्या की. मागची चाकं सारखी सैल होतायत. जाड हाय म्हणून होत असणार."

"रिम आणलीस?"

"रिमचं काय काम? रिम नवी हाय."

रिम आणायला लावली. साधी लोखंडी होती. उलटी करून उजेडात धरली तर मागच्या सपाट पट्टीवर चार चकचकीत ठसे, पावलीच्या नाण्यापेक्षा लहान, गोल, कडा अगदी रेखीव, आणि बाकी सगळी पट्टी गंजलेली तशीच. स्पेसरच्या तोंडाला ती पट्टी कधी लागलीच नव्हती. मूळ स्टड ड्रमपासून स्पेसरच्या जाडीपेक्षा लांब, त्यामुळं ते स्पेसरच्या भोकातून पलीकडं डोकं काढत होते, आणि रिम त्या चार टोकांवर उभी होती. बाहेरचे नट रिमला मधल्या पोकळीत वाकवत होते. लोखंड वाकतं, रस्त्यावर परत उलगडतं, नट सैल. स्पेसर आणखी पातळ केला असता तर टोकं आणखी बाहेर आली असती.

हे घरी तपासता येतं. स्पेसर बसवा, आतले नट लावा, आणि एक सरळ स्टीलची पट्टी स्पेसरच्या तोंडावर आडवी ठेवून फिरवा. ती कुठंही स्टडच्या टोकावर किंवा आतल्या नटाच्या डोक्यावर अडकता कामा नये. मॅगव्हीलना मागच्या बाजूनं खोलगट खाचा असतात, तिथं स्टडची टोकं मावतात. खाचेची खोली टोकाच्या उंचीपेक्षा जास्त आहे का ते मोजून घ्या. समजा स्टड ७ मिलिमीटर बाहेर आहे आणि खाच ६ ची, तर पुढचं सगळं वाया. लोखंडी रिमला या खाचा नसतातच. आतल्या नटांच्या जागी गाडीचे मूळ लांब नट वापरले तरी हेच होतं, नटच बाहेर डोकावतो. मार्ग दोन: जाड स्पेसर घ्या, किंवा स्पेसर काढून टाका. मूळ स्टड ग्राइंडरनं कापून देणारे आहेत, पण उद्या स्पेसर काढायचा म्हटलं की रिमला आटे पुरत नाहीत आणि सगळे स्टड बदलायची वेळ येते.

तोंडं

रेघ जागेवर राहिली पण नट फिरला, असं ज्यांचं झालं त्यांनी इथं वेळ द्यावा.

हबचं तोंड आधी. ड्रम किंवा डिस्क जागेवर राहावी म्हणून कारखान्यातून काही स्टडवर पातळ पत्र्याच्या क्लिपा लावलेल्या असतात, कुठं चपट्या डोक्याचा स्क्रू असतो. क्लिप स्पेसरखाली राहिली की स्पेसर एका बाजूनं उचललेला बसतो. काढून टाका, तिचं काम चाक बसल्यावर संपलेलं असतं. स्क्रूचं डोकं तोंडाच्या वर येत असेल तर बघा का येतंय. नंतर गंजाची खपली. आपल्याकडं कणकुंबीच्या पावसातून येणाऱ्या गाडीच्या ड्रमवर ती चांगली जाड असते. वायर ब्रशनं चमक येईपर्यंत साफ करा, विशेषतः स्टडच्या बुडाशी, जिथं ब्रश पोचत नाही आणि खपली कड्यासारखी राहते.

हबच्या मधल्या उंचवट्याच्या मुळाशी काटकोन नसतो, छोटी गोलाई असते. स्पेसरच्या भोकाची आतली कड चॅम्फर केलेली (तिरकी कापलेली) नसेल तर ती या गोलाईवर चढते आणि स्पेसर तोंडाला टेकतच नाही. बारीक फट राहते, डोळ्याला दिसत नाही. स्पेसर नुसता हातानं दाबून धरा आणि कडेनं ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. शिरली तर चॅम्फर मारून घ्या. लेथवर पाच मिनिटांचं काम आहे, कुणीही करून देईल.

स्पेसरची दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर हवीत. चार ठिकाणी मायक्रोमीटरनं मोजा, ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल तर मी तो गाडीला लावणार नाही. रंग किंवा पावडर कोटिंग असेल तर दोन्ही तोंडांवरून आणि नटाच्या बैठकीतून काढून टाका. बाहेरच्या कडेला राहू दे, दिसायला तेवढंच असतं. लाल-निळ्या रंगाचा पातळ अॅनोडाइज थर वेगळा, तो चालतो. आणि ओतीव ॲल्युमिनियमचा, भोकाजवळ बुडबुडे दिसणारा माल असेल तर तोंड सपाट करून उपयोग नाही. असले तुकडे स्वस्तात मिळतात. आम्ही ते फेस मारायलाही घेत नाही.

उतारावरच्या ब्रेकचाही यात वाटा आहे. चोर्ला असो की अनमोड, खाली गोव्यात उतरेपर्यंत ड्रम आणि डिस्क चांगल्याच तापतात, आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. २० मिलिमीटरचा स्पेसर १०० अंशांनी तापला तर मिलिमीटरचे साडेचार शतांश वाढतो, तेवढीच पोलादी लांबी अडीच. तोंडं स्वच्छ असतील तर निवल्यावर सगळं पूर्वपदावर येतं. मध्ये रंग किंवा खपली असेल तर गरम असताना जादा दाबानं ती चिरडते आणि निवल्यावर ढिलाई उरते. "गोव्याहून आलं की सैल" याचा उलगडा बहुधा इथंच असतो. घाट उतरल्याबरोबर पाना लावू नका, चाक हाताला थंड लागू द्या.

नटाची बैठक

नटाचं बूड तीन प्रकारचं असतं: ६० अंशांचा टेपर (निमुळता), गोलाकार, आणि वॉशरसह सपाट. मारुतीचा नट टेपर. होंडाच्या मूळ रिमला गोल बुडाचा. टोयोटाच्या काही मूळ मॅगव्हीलना वॉशरवाला. बाजारातली मॅगव्हील आणि स्पेसर जवळजवळ सगळे टेपरसाठी. होंडा सिटीचा मूळ गोल नट बाजारातल्या स्पेसरवर लावला की आटे जुळतात, पाना कडक लागतो, आणि नट टेकतो तो एका बारीक कड्यावर. ते कडं दबतं, सैल होतं, परत आवळलं की परत दबतं. नट काढून बैठक बघा: रुंद, सारखा चकचकीत पट्टा असेल तर ठीक, दोऱ्याएवढी चकचकीत रेघ असेल तर नट चुकीचा.

मधलं भोकही तपासा. स्विफ्ट, आय-२० यांच्या हबचा उंचवटा ५४.१ मिलिमीटर, सिटीचा ५६.१. बाजारातल्या मॅगव्हीलचं भोक बरेचदा ६७.१ किंवा ७३.१. मधल्या फटीत बसणारी रिंग नसेल तर चाक मध्यावर आणायचं काम नटांवरच पडतं, आणि घाईत आवळलं की ते जरा तिरकं बसतं. पातळ चकतीनं हबचा उंचवटा झाकला गेला तरी हाच प्रकार. फियाट पुंटो, लिनियावाल्यांसाठी आणखी एक: तुमची बोल्टची मांडणी ४ बाय ९८ (९८ मिलिमीटरच्या वर्तुळावर चार) आहे, ४ बाय १०० नाही. दुकानदार "जरा ओढून बसतं" म्हणाला तर रिम तिथंच ठेवून या.

स्टड मेलेला असेल तर

रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात नट आवळायला हवेवरची गन लागते, आणि ती कितीवर लागते ते कुणालाच ठाऊक नसतं. एकदा स्टड मर्यादेपलीकडं ताणला गेला की तो परत आखडत नाही. ओळखायचं असं: नवा नट स्टडवर हातानं फिरवा. वरून सहज जातो आणि मध्येच एका जागी जड होतो, तर तिथं आटे ताणलेले आहेत. आवळताना नट फिरतच राहतो पण पाना कडक होत नाही, हीदेखील तीच खूण. एक स्टड तसा निघाला की त्या हबचे सगळे बदला. स्टड फार महाग नसतात.

बेअरिंगचा खेळही (ढिलेपणा) एकदा बघून घ्या. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. स्पेसरमुळं चाक बाहेर जातं आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. तिथला खडखडाट पुष्कळदा नटाच्या नावावर खपतो.

परत बसवताना

सगळे आटे आणि बैठका कोरड्या, स्वच्छ. ग्रीस किंवा ऑइल लावू नका. गाडीच्या पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो, तेल लागलं की त्याच आकड्यावर स्टड जास्त ताणला जातो. चाक हवेत असताना सगळे नट हातानं टेकवा, मग समोरासमोरच्या जोडीनं अर्ध्या जोरावर, मग गाडी खाली टेकवून पूर्ण. १२ मिलिमीटरच्या स्टडच्या कारना साधारण ८५ ते १२५ न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा तुमच्या पुस्तकात बघा. स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरला आतल्या नटांचा आकडा स्पेसर बनवणारा देतो. टॉर्क पाना नसेल तर अंदाजासाठी: ४० सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला २५ किलोचा जोर म्हणजे जवळपास १०० न्यूटन-मीटर. दांड्यावर उभं राहणारे याच्या दुप्पट लावतात. मग ८०-१०० किलोमीटरनंतर थंड चाकावर तपासणी, आणि आतल्या नटांचीही, चाक काढून. कंटाळा येतो, मान्य आहे.

स्प्रिंग वॉशर घालू नका, टेपर बैठकीत तो बसतच नाही. बाहेरच्या नटांवर लॉकटाइट (आटे चिकटवणारं द्रव) नको. काही स्पेसरवाले आतल्या नटांना निळं लॉकटाइट लावायला सांगतात. सांगितलं असेल तरच लावा, आणि तोंडं दुरुस्त केल्यावर. नटाला वेल्डिंगचा टाका मारून आलेली गाडी मी बघितलीय. तिचं पंक्चर कसं काढायचं हे मालकाला विचारलं तर तो हसला.

माझं मत विचाराल तर एवढं सगळं करण्यापेक्षा योग्य ऑफसेटची रिम घ्या (ऑफसेट म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे तो आकडा). ४५ ऑफसेटच्या रिमला १५ चा स्पेसर लावला की चाक ३० ऑफसेटच्या जागी येतं, मग सरळ ३० चीच घेतली तर मधला सगळा सांधा वाचतो. बेअरिंगवरचा जादा भार मात्र तोच राहतो, आणि मडगार्डबाहेर जाणारं चाक कायद्यालाही खटकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच कडकपणे मांडलं. केए-२२ ची (बेळगाव पासिंगची) गाडी घेऊन कोल्हापूरला जा की पणजीला, हा कायदा सगळीकडं एकच.

राहिली स्टेपनी. बहुतेकांची लोखंडी असते, मागं खाचा नसलेली. पुढच्या-मागच्या चाकांना मॅगव्हील आणि मध्ये स्पेसर असेल तर रात्री जांबोटीच्या जंगलात पंक्चर झाल्यावर तीच स्टेपनी स्टडच्या टोकांवर बसेल, आणि तुमचे क्रोमचे नट तिच्या बैठकीला जुळतील याची खात्री नाही. गाडीचे मूळ नट डिकीत ठेवा, स्पेसरसकट स्टेपनी एकदा दारात बसवून बघा. बसत नसेल तर आतल्या नटांना लागणारा पानाही बरोबर ठेवा, म्हणजे स्पेसर काढून ती थेट हबवर लावता येईल.